बोलीच न लागलेलं तेल

१९८५-८६ च्या हिवाळ्यात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, काक्टोव्हिक नावाच्या दोन-अडीचशे वस्तीच्या गावाजवळ एक तेलविहीर खणली गेली. जमीन गावातल्या इनुपियाट आदिवासींच्या कंपनीची, खणणाऱ्या शेव्हरॉन आणि ब्रिटिश पेट्रोलियम. चार किलोमीटरहून खोल गेलेलं ते भोक नंतर बुजवलं, यंत्रं परत गेली आणि खाली काय मिळालं याचे कागद तिजोरीत बंद झाले. विहिरीचं नाव ‘केआयसी-१’. पुढची तेहतीस वर्षं त्या कागदांत काय आहे यावर तेलउद्योगात नुसत्या पैजा लागत राहिल्या. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी ओहायोतल्या एका जुन्या खटल्याच्या दप्तरातून धागा काढला: निकाल निराशाजनक होता.

अर्थात एका भोकावरून एवढ्या मोठ्या भूभागाचा निवाडा होत नाही, असं तेलाच्या बाजूचे लोक म्हणतात आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण गंमत पाहा. या विहिरीभोवतीच्या सपाटीवर दुसरी एकही विहीर खणलेली नाही. खाली नक्की काय आहे हे कुणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि त्या न पाहिलेल्या वस्तूसाठी जगातली सर्वांत बलाढ्य संसद चाळीस वर्षांहून अधिक काळ भांडते आहे.

हा प्रदेश म्हणजे ‘आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज’. अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यातलं सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य, म्हणजे महाराष्ट्राचा पाव भाग. त्यातून एकही डांबरी रस्ता जात नाही. भांडण मात्र सगळ्या अभयारण्यावरून नाही. ते आहे उत्तरेकडच्या समुद्रालगतच्या पट्ट्यावरून, ज्यात पावणेदोन गोवे मावतील. १९८० च्या कायद्यातल्या १००२ क्रमांकाच्या कलमानं या पट्ट्याचा अभ्यास करायला सांगितलं, म्हणून त्याला ‘दहा-शून्य-दोन’ हेच नाव पडलं. एखाद्या भूमीची ओळख कलमाच्या आकड्यानं व्हावी, यातच तिची कुंडली आली.

हिवाळ्यात इथे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. तेव्हा पाहिलं तर पांढऱ्या सपाटीखेरीज काही दिसत नाही, आणि नेमकं तेच वर्णन अमेरिकी गृहखात्याच्या एका मंत्र्यांनी संसदेपुढे केलं होतं. (तिकडचं गृहखातं पोलिसांचं नसतं, जमीन, अभयारण्यं आणि खाणींचं असतं.) मे महिन्यात मात्र सगळं पालटतं. सूर्य मावळायचं विसरतो. वर्षभरात इथे पडणारं पाणी, बर्फ धरूनही, आपल्या माणदेशातल्या पावसापेक्षा कमी भरतं. हिशेबानं हे वाळवंट. तरी उन्हाळ्यात पाहावं तिकडे दलदल, तळी, ओलं शेवाळ. कारण खाली शेकडो मीटर जाडीची जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे. शास्त्रज्ञ तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वरचा हात-दीड हात थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि पाण्याला खाली झिरपायला वाटच नसल्यामुळे ते वरच साचून राहतं. गोठलेल्या जमिनीनं तोलून धरलेलं हे ओलं वाळवंट आहे. या लेखात पुढे येणारी प्रत्येक गोष्ट, कॅरिबूंपासून पाइपलाइनपर्यंत, शेवटी या गोठलेल्या थरावर उभी आहे.

या दलदलीकडे दर वसंतात पॉर्क्युपाइन नदीच्या नावानं ओळखला जाणारा कॅरिबूंचा, म्हणजे रानटी रेनडिअरचा, कळप निघतो. २०१७ च्या गणनेत त्यात सुमारे दोन लाख अठरा हजार जनावरं होती. हिवाळा त्यांनी ब्रुक्स पर्वतरांगेच्या दक्षिणेला, अलास्कात आणि कॅनडाच्या युकॉनमध्ये काढलेला असतो. गाभण माद्या आधी निघतात, नर मागून सावकाश येतात. बर्फाचे घाट, फुटू लागलेल्या बर्फाच्या नद्या ओलांडत माद्या किनाऱ्याच्या पट्ट्यात पोचतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, अवघ्या काही दिवसांत, हजारो पिलं जन्माला येतात. बाळंतपणाला माहेरी यावं तसं हे येणं असतं, कारण यातल्या बहुतेक माद्या स्वतः याच पट्ट्यात जन्मलेल्या असतात. पिलू तासाभरात पायांवर उभं राहतं आणि एक-दोन दिवसांत आईमागे पळू लागतं. वर्षभराच्या भटकंतीत काही कॅरिबू चार हजार किलोमीटरहून अधिक चालतात. जमिनीवरून याहून लांबचं स्थलांतर करणारा प्राणी आपल्याला ठाऊक नाही.

एवढी पायपीट करून इथेच का? तीन कारणं सांगतात. नेमक्या त्याच दिवसांत इथे कापूसगवताचे कोवळे तुरे फुटतात, पचायला हलके आणि प्रथिनांनी भरलेले. दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं. दुसरं, लांडगे, अस्वलं आणि सोनेरी गरुड डोंगराच्या पायथ्याशी जास्त, सपाटीवर कमी. तिसरं कारण डास. आर्क्टिकचे डास ही काय चीज आहे हे तिथे जाऊन आलेल्यांनाच विचारावं. त्यांच्या ढगांनी कॅरिबू चरायचं सोडून वेड्यासारखे पळत सुटतात. समुद्रावरून येणारा थंड वारा या डासांना जमिनीवर दाबून ठेवतो. म्हणजे गवत, वारा आणि शत्रूंपासून अंतर या तिन्ही गोष्टी एका वेळी, एका ठिकाणी मिळतात, त्या या चिंचोळ्या पट्ट्यात.

चिंचोळा हा शब्द इथे महत्त्वाचा. पश्चिमेकडे, जिथे आज तेलाचे कारखाने उभे आहेत, तिथे डोंगर आणि समुद्र यांच्यात शंभर-दीडशे किलोमीटरची सपाटी आहे. पूर्वेला सरकावं तसा ब्रुक्स पर्वत किनाऱ्याच्या जवळ येत जातो आणि काही ठिकाणी सपाटी पंचवीस-तीस किलोमीटरच उरते. तेलाचे समर्थक नेहमी दाखला देतात: पश्चिमेकडच्या प्रूडो बेमध्ये तेल काढायला लागल्यावर तिथला ‘सेंट्रल आर्क्टिक’ कळप घटला नाही, उलट पाच हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेला. हे खरं आहे. तो पुढे, २०१६ पर्यंत, बावीस हजारांवर आला हेही खरं आहे. संख्येच्या या चढउतारामागे हवामान असतं, चारा असतो. सगळं खापर तेलावर फोडता येत नाही आणि सगळं श्रेयही त्याला देता येत नाही. पण एक निरीक्षण पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं आहे: नुकत्याच व्यालेल्या माद्या रस्ते आणि तेलतळ यांच्यापासून काही किलोमीटर दूर राहतात. पश्चिमेला त्यांना दूर सरकायला जागा होती. इथे सरकल्या तर त्या डोंगराच्या पायथ्याशी जातील, म्हणजे थेट लांडग्यांच्या अंगणात.

कॅरिबूचे डोळे हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. डोळ्याच्या मागच्या बाजूचा, प्रकाश परतवणारा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो. शिवाय आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात. दगडफूल आणि लांडग्याची लव अतिनील किरण शोषून घेतात, त्यामुळे पांढऱ्या बर्फावर ती त्यांना काळी उठून दिसतात. शास्त्रज्ञांचा असा कयास आहे की विजेच्या उच्चदाबाच्या तारांवरून उडणाऱ्या, आपल्याला अदृश्य असलेल्या ठिणग्याही त्यांना दिसत असाव्यात, आणि म्हणून ती जनावरं अशा तारांजवळून जायला कचरतात. आपण म्हणतो, एक तार टाकली तर काय बिघडलं? त्यांना कदाचित क्षितिजावर अखंड लखलखणारी रेघ दिसत असेल.

आता जमिनीखाली जाऊ.

वीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यातले सूक्ष्म जीव मरून तळाच्या चिखलात गाडले गेले आणि त्या चिखलाचा काळा, सेंद्रिय द्रव्यानं भरलेला खडक झाला. नुसत्या अशा खडकातून तेल मिळत नाही. त्याला खोल पुरावं लागतं, पृथ्वीच्या उष्णतेवर लाखो वर्षं शिजवावं लागतं. हे पुरण्याचं काम ब्रुक्स पर्वतानं केलं. तो वर उचलला जाऊ लागला तशी त्याची झीज वाळू-मातीच्या रूपानं उत्तरेकडे वाहत आली आणि जुन्या खडकांवर किलोमीटरच्या किलोमीटर थर साचले. म्हणजे ज्या पर्वतानं किनाऱ्याशी जवळीक करून कॅरिबूंना हा चिंचोळा पाळणा दिला, त्यानंच तेल शिजण्यासाठी लागणारं पांघरूणही दिलं. वन्यजीव आणि तेल एकाच ठिकाणी असणं हा दुर्दैवी योगायोग आहे असं सगळे म्हणतात. मला तो योगायोग वाटत नाही. दोन्ही एकाच डोंगराची देणगी आहे.

या किनाऱ्यावर एक-दोन ठिकाणी तेल आपणहून जमिनीतून झिरपतं, तेव्हा खाली तेल मुळीच नाही असं म्हणता येत नाही. प्रश्न किती आणि कुठे याचा. १९८४ आणि ८५ च्या हिवाळ्यांत जड वाहनांनी बर्फावरून फिरून जमिनीत हादरे सोडले आणि त्यांचे प्रतिध्वनी नोंदले. दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या अशा रेघा त्यांनी ओढल्या. त्यांपैकी काहींचे चरे टुंड्रावर पुढची दोन-तीन दशकं विमानातून दिसत होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं १९९८ मध्ये त्याच जुन्या नोंदी नव्यानं वाचून अंदाज दिला: काढता येण्याजोगं तेल ५७० कोटी ते १,६०० कोटी बॅरल, सरासरी १,०४० कोटी. जग आज दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल तेल वापरतं. म्हणजे सरासरी अंदाज खरा ठरला, शेवटचा थेंब निघाला, तरी जगाची गरज साडेतीन महिने भागेल. ते सगळं एका मोठ्या साठ्यात नाही, लहान-लहान साठ्यांत विखुरलेलं असेल, आणि त्यातलं बहुतेक पट्ट्याच्या पश्चिम भागात असेल असंही त्याच अहवालात आहे.

हे तेल बाहेर कसं येणार? त्याचं उत्तर आधीच उभं आहे आणि ते मानवी कल्पकतेचा विलक्षण नमुना आहे. १९६८ मध्ये अभयारण्याच्या हद्दीपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, प्रूडो बे इथे उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला, जहाज जाणार कसं? तेव्हा दक्षिणेला, कधीच न गोठणाऱ्या वाल्डीझ बंदरापर्यंत पाइपलाइन टाकायचं ठरलं. १,२८८ किलोमीटर, तीन पर्वतरांगा ओलांडून.

अडचण अशी की जमिनीतून येणारं तेल कढत असतं. कढत नळ गोठलेल्या जमिनीत पुरला तर ती वितळेल, नळ खचेल, फुटेल. म्हणून निम्म्याहून जास्त पाइपलाइन खांबांवर उचलून धरली. पण खांब तरी कशात रोवायचे? त्याच गोठलेल्या जमिनीत. खांबातून झिरपणारी उष्णताही तिला पुरे. मग अभियंत्यांनी खांबांत बंद नळ्या बसवल्या, त्यात अमोनिया भरला. हिवाळ्यात जमीन वरच्या हवेपेक्षा ऊबदार असते. तेवढ्या उबेनं खालचा अमोनिया उकळून वाफ होतो, वर चढतो, नळीच्या डोक्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पंखांतून उष्णता हवेत सोडतो, पुन्हा द्रव होऊन खाली ओघळतो. पुन्हा उकळतो, पुन्हा चढतो. ना पंप, ना वीज, ना कुणी बटण दाबणारा. उन्हाळ्यात वरची हवा ऊबदार झाली की हे चक्र आपोआप थांबतं, म्हणजे उष्णता उलट खाली जात नाही. अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या १९७७ पासून मुकाट्यानं जमीन गोठवून ठेवत आहेत.

भूकंपाचीही सोय आहे. डेनाली भ्रंश जिथे ओलांडायचा, तिथे नळ खांबांना घट्ट न बांधता जमिनीलगतच्या लांब तुळयांवर नुसता टेकवला आहे, सरकता यावं म्हणून. ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन चार मीटरहून जास्त सरकली, नळ तुळयांवरून घसरला आणि तेलाचा थेंब सांडला नाही. पर्यावरणाच्या बाजूनं लिहिणारे हे सांगायचं टाळतात. टाळू नये. तेलवाल्यांना काम येत नाही म्हणून विरोध करायचा, तर तो विरोध फार तकलादू आहे.

अपघात झाला तो नळाच्या टोकाशी. २४ मार्च १९८९ ला ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे जहाज वाल्डीझहून निघून ब्लाय खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. त्याच महिन्यात सिनेटच्या ऊर्जा समितीनं ‘दहा-शून्य-दोन’ खुला करण्याचा मसुदा पुढे सरकवला होता. तेलानं माखलेल्या पाणमांजरांची छायाचित्रं टीव्हीवर आली आणि मसुदा बारगळला.

मसुदे बारगळण्याचा हा इतिहास लांब आहे, आणि त्यात आपल्याशी नातं असलेली दोन नावं अनपेक्षितपणे भेटतात. १९५६ मध्ये ओलॉस आणि मार्गारेट म्यूरी हे दांपत्य या प्रदेशातल्या शीनजेक नदीच्या खोऱ्यात अभ्यासाला गेलं. त्यांच्याबरोबर एक तरुण विद्यार्थी होता, जॉर्ज शॅलर. तोच शॅलर पुढे कान्हाला आला आणि वाघाचा शास्त्रीय अभ्यास कसा करायचा हे त्यानं दाखवून दिलं. म्यूरी मंडळींच्या खटपटीला यश येऊन १९६० मध्ये आयझेनहॉवर सरकारनं हा प्रदेश राखीव केला. १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं तो दुपटीहून मोठा झाला. पण किनारपट्टीचा प्रश्न त्याच कायद्यानं लोंबकळत ठेवला. तेल काढायचं नाही, मात्र संसदेनं ठरवलं तर काढायचं.

दुसरं नाव शुभंकर बॅनर्जी. बंगालमध्ये वाढलेला हा अभियंता अमेरिकेत नोकरी करत होता. ती सोडून तो कॅमेरा घेऊन या अभयारण्यात गेला आणि हिवाळ्यासकट सगळे ऋतू तिथे राहिला. १९ मार्च २००३ रोजी सिनेटमध्ये बार्बरा बॉक्सर यांनी त्याचं छायाचित्रांचं पुस्तक उंचावून दाखवलं: पांढऱ्या सपाटीत काही नाही म्हणता, हे पाहा काय आहे. त्या दिवशी तेलाचा प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ मतांनी पडला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागणार होतं, ते आडबाजूच्या दालनात हलवण्यात आलं आणि छायाचित्रांखालचा मजकूर कापून टाकण्यात आला. त्यामुळे पुस्तक जास्तच खपलं असावं.

अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी २००५ मध्ये अखेरचा डाव टाकला. संरक्षणखर्चाच्या, म्हणजे कुणी विरोध करणार नाही अशा विधेयकाला तेलाचं कलम चिकटवलं. तेही हुकलं. ‘दहा-शून्य-दोन’ खुला झाला तो २०१७ मध्ये, करकपातीच्या कायद्याच्या पोटातून. चार वर्षांत पहिला आणि सात वर्षांत दुसरा, असे भाडेपट्ट्यांचे दोन लिलाव घ्यायचे असं ठरलं. प्रत्यक्ष बांधकाम दोन हजार एकरांपुरतंच, अशी अटही घातली गेली. ऐकायला किती थोडं! पण पाइपलाइनची मोजणी खांबांच्या पायापुरती होते, मधल्या हवेतल्या नळाची नाही, आणि बर्फाच्या रस्त्यांची तर नाहीच.

माणसांबद्दल अजून बोललो नाही. डोंगराच्या दक्षिणेला ग्विचिन लोक राहतात, अलास्का आणि कॅनडा मिळून आठ-नऊ हजार. त्यांचं अन्न, गाणी, गोष्टी सगळं कॅरिबूभोवती. किनारपट्टीला ते जीवन जिथे सुरू होतं ती पवित्र जागा मानतात आणि उपासमारीच्या दिवसांतही तिथे शिकारीला जात नसत. १९८८ मध्ये आर्क्टिक व्हिलेज या गावात त्यांनी मोठी सभा भरवली आणि तेव्हापासून ते या लढ्यात आघाडीवर आहेत. हेही सांगायला हवं की १९८० च्या दशकात त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच्या जमिनीवर तेल शोधू दिलं होतं. ते निघालं नाही.

काक्टोव्हिकचे इनुपियाट मात्र त्या पट्ट्यातच राहतात, देवमाशावर जगतात आणि त्यांच्यातल्या अनेकांना तेल हवं आहे. त्यांना लोभी म्हणणं सोपं आहे. १९४७ ते १९६४ या काळात लष्करानं आपल्या सोयीसाठी हे गाव तीनदा हलवलं. १९७२ मध्ये उत्तर अलास्कात स्थानिक प्रशासन उभं राहिलं, त्याला प्रूडो बेच्या कारखान्यांवर कर बसवता आला आणि त्यातून शाळा, दवाखाना, नळाचं पाणी आलं. त्याआधी मुलांना हायस्कूलसाठी हजार मैलांवरच्या वसतिगृहात पाठवावं लागे. ज्याच्या घरात कालपर्यंत संडासाची बादली होती, त्याला हजारो मैलांवरून कुणी ‘तुमचा प्रदेश असाच अस्पर्श राहू द्या’ म्हणालं तर तो काय उत्तर देईल? आणि सगळा अलास्काच तेलावर पोसला गेला आहे. राज्याचा आयकर नाही. तेलाच्या उत्पन्नातून १९७६ मध्ये उभारलेल्या निधीतून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळालाही, वर्षाला पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,२८४ डॉलर होती. दुसरीकडे, १९८८ मध्ये दिवसाला २० लाख बॅरल वाहून नेणारी पाइपलाइन आज पाच लाखांहूनही कमी नेते. प्रवाह मंदावला की तेल वाटेत थंड पडतं, मेण धरतं, त्यातलं पाणी गोठण्याची भीती असते. ही पाइपलाइन जिवंत ठेवायची तर तिला नवं तेल हवं. अलास्काची घाई इथून येते.

मग ६ जानेवारी २०२१ ला पहिला लिलाव झाला. तारीख ओळखीची वाटली असेल. त्याच दिवशी जमावानं अमेरिकेच्या संसदेवर हल्ला केला, त्यामुळे लिलावाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कायदा करताना केंद्राच्या तिजोरीत दहा वर्षांत शंभर कोटी डॉलरहून अधिक येतील असा हिशेब मांडला होता. प्रत्यक्षात सगळ्या बोल्या मिळून आले सुमारे १ कोटी ४४ लाख. एकाही बड्या तेलकंपनीनं बोली लावली नाही. दोन छोट्या कंपन्या होत्या. बाकी सगळे भाडेपट्टे घेतले ते अलास्का सरकारच्याच एका महामंडळानं, म्हणजे राज्यानं केंद्राकडून स्वतःच विकत घेतले. बायडन सरकारनं पुढे महामंडळाचे भाडेपट्टे रद्द केले, आणि २०२५ मध्ये न्यायालयानं ते रद्द करणं बेकायदा ठरवलं. दुसऱ्या लिलावाची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. बोल्या आल्या: शून्य. पर्यावरणाच्या अटींमुळे तो लिलाव मुद्दामच अनाकर्षक केला, अशी अलास्काची तक्रार होती, आणि तिच्यात तथ्य आहे. पण पहिल्या लिलावाच्या वेळी तर तेलाला अनुकूल सरकार होतं.

कंपन्या का आल्या नाहीत? एक तर १९७३ च्या अरब तेलबंदीनंतरची भीती आता उरलेली नाही. टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या शेल खडकांतून इतकं तेल निघू लागलं की २०२० मध्ये अमेरिका पेट्रोलियमची निव्वळ निर्यातदार झाली. तिथे विहीर काही महिन्यांत तेल देते. इथे भाडेपट्टा घेतल्यापासून पहिलं तेल निघायला दहा वर्षं लागतील असं सरकारी ऊर्जा माहिती खातंच सांगतं. त्याच खात्यानं २००८ मध्ये हिशेब केला होता की इथलं तेल बाजारात आलं तर बॅरलमागे किंमत उतरेल साधारण पाऊण डॉलर. शिवाय २०१९-२० मध्ये गोल्डमन सॅक्सपासून बँक ऑफ अमेरिकापर्यंतच्या मोठ्या अमेरिकी बँकांनी आर्क्टिकमधल्या खोदाईला कर्ज देणार नाही असं जाहीर केलं.

आणि बर्फ. टुंड्रावर जड वाहनं जाऊ देतात ती जमीन कडक गोठलेली असतानाच. पाणी फवारून बर्फाचे रस्ते करतात, वसंतात ते विरघळून जातात. कल्पना झकास आहे, पण त्याला मुबलक गोडं पाणी लागतं. पश्चिमेला तळ्यांचा सुकाळ आहे; ‘दहा-शून्य-दोन’मध्ये खोल तळी थोडी आणि नद्या हिवाळ्यात तळापर्यंत गोठलेल्या. त्यातून हिवाळाच आखूड झाला. १९७० च्या सुमारास वर्षातले दोनशेहून अधिक दिवस टुंड्रावर वाहनं नेता येत. नव्या शतकाच्या सुरुवातीला हे दिवस निम्म्यावर आले. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतो आहे. अलास्कातच, पश्चिमेकडच्या राखीव तेलक्षेत्रात, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या विलो प्रकल्पात जमीन वितळू नये म्हणून तिला थंड ठेवणारी उपकरणं बसवण्याची योजना आहे. म्हणजे तेल जाळल्यामुळे मऊ झालेली जमीन गोठवायची, ती आणखी तेल काढण्यासाठी! कुणा नाटककाराला हे सुचलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो.

आपण दुरून हसण्याच्या स्थितीत आहोत असं नाही. १९७३ च्या त्याच तेलसंकटात, १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या खोदजहाजानं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं तेव्हा देशानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण मे २०२० मध्ये आसामात बाघजानची वायुविहीर फुटली, ती दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या आणि मागुरी-मोटापुंग या पाणपक्ष्यांच्या सरोवराच्या शेजारी. तिला लागलेली आग विझायला नोव्हेंबर उजाडला. अभयारण्याच्या हद्दीला लागून विहीर असणं म्हणजे काय, हे समजायला अलास्कापर्यंत जायची गरज नाही.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं नवा कायदा केला. ‘दहा-शून्य-दोन’मध्ये दहा वर्षांत आणखी किमान चार लिलाव घ्यायचेच, असं त्यात लिहिलं आहे. माझं मत विचाराल तर हा पट्टा बंदच ठेवावा: तिथलं तेल जगाला साडेतीन महिने पुरेल, कळपाला दुसरी जागा नाही. काक्टोव्हिकच्या शाळा-दवाखान्यांचा खर्च इतर मार्गानं उचलणं अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला मुळीच जड नाही, आणि तो उचलल्याशिवाय बंदीची भाषा करण्याचा हक्कही तिला नाही. तुम्ही एवढंच करा. ‘आर्क्टिक तेलासाठी खुला’ अशी बातमी पुन्हा वाचाल तेव्हा सही कुणी केली हे सोडून द्या. बोली कुणी लावली आणि किती डॉलरची, तेवढा आकडा शोधा.